सुनीतीबाईंचा पेपर

सुनीतीबाई कलकत्त्यातच जन्मल्या, तिथेच गणित शिकल्या आणि सियालदहजवळच्या एका कॉलेजात तेच शिकवू लागल्या. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. चौऱ्याहत्तर साली कॉलेजात कॉम्प्युटरचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कॉम्प्युटर मात्र कॉलेजाकडे नव्हताच! पोरं प्रोग्रॅम भोकं पाडून उतरवलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन दुसऱ्या संस्थेत जात, आणि तिथली वीज गेली की हात हलवत परत येत. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. यंत्रं काय, आज हे, उद्या दुसरं. गणित पक्कं असलं की कुठल्याही यंत्रापुढे पोर अडत नाही, असं त्या म्हणत. सगळ्यांशी भांडून त्यांनी पहिल्या दोन्ही वर्षांना गणिताचा पेपर लावून घेतला होता. त्या पेपरांवर त्यांचा जीव होता.

पण मार्कांच्या बाबतीत बाईंचा हात भलताच आखडता. पहिल्याच वर्षी निम्मा वर्ग आपटला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "दीदी, थोडे ग्रेस मार्क द्या. असाच निकाल लागला तर लोक पेपराच्याच मुळावर उठतील."

"ज्याला येत नाही, त्याला येतं असं मी कसं लिहू?" बाई ताडकन म्हणाल्या.

नापासांत त्यांचा भाचा श्रीकांतही होता. बहीण गेल्यापासून तो त्यांच्याकडेच वाढलेला. उत्तरपत्रिकेवर नुसता नंबर असला तरी अक्षर बाईंनी ओळखलं होतं. तरी एक मार्क वाढवला नाही. तेव्हापासून तो त्यांच्याशी धड बोलेनासा झाला.

वर्षभरानं अभ्यासक्रमाची बैठक भरली. बाईंनीच लावलेला निकाल तिथे सर्वांपुढे ठेवला गेला. या मुलांना नोकऱ्या हव्यात, प्रमेयं नकोत, असं ठरलं आणि दोन्ही पेपर रद्द झाले. नापासांनाही परत बसायची गरज उरली नाही. बाई बोलायला उठल्या. थोडे ग्रेस मार्क दिले असते तर पेपर वाचले असते, हे त्यांना उभ्याउभ्याच कळलं. त्या तशाच खाली बसल्या.

घरी आल्या तर श्रीकांत संदेश मिठाईचा पुडा घेऊन दारातच उभा.

"मावशी, सुटलो! गणितातनं कायमचा सुटलो!" म्हणत तो गळ्यात पडला. या मिठीसाठी बाई वर्षभर झुरल्या होत्या. त्यानं मिठाईचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

मावशीला आपल्या सुटकेचा आनंद झालाय, असं पोराला वाटलं. त्यानं हसत आणखी एक तुकडा भरवला.