लिव्हरची रायफल आणि आईची साक्ष

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. ऑफिसातल्या एकाच्या आग्रहाखातर इथं इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळच्या नेमबाजीच्या क्लबात गेलो, तिथं एका म्हाताऱ्या सभासदानं आपली शिकारीची रायफल माझ्या हातात दिली आणि मी कामातून गेलो. चापाखाली कडीसारखी लिव्हर. खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर घेतली की नवं आत बसतं. कुठं खडखड नाही, अडखळणं नाही. मधला भाग अख्ख्या पोलादी ठोकळ्यातून कोरलेला, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. लाकूड आणि पोलाद जिथं भेटतात तिथं मी नख घालून पाहिलं, शिरलं नाही. काडतुसं भरायच्या झडपेचा काळा रंग त्याच्या अंगठ्यानं झिजून गेला होता. मी दिवसभर स्क्रीनवर जे करतो, ते कुणी असं कौतुकानं चाचपून बघणार नाही.

म्हाताऱ्यानं त्या रायफलीनं हरणं मारली होती. आता गुडघे गेले, म्हणून ती विकायची होती. आपण फक्त कागदाला गोळ्या घालणार, असं मी स्वतःला बजावलं. पण खोटं कशाला बोलू, जीव घेताना चुकू नये म्हणूनच ती इतकी नेटकी बनवली आहे, हे मला कळत होतं आणि तरीही ती हवी होती. आमचं घर बौद्ध. नागपूरहून आई आली की रोज सकाळी वंदना होते. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, आणि ते तिच्या मागोमाग मीही म्हणतो.

"बंदुकीच्या सर्टिफिकेटचं तुझं तू बघ," बायको म्हणाली, "पण आईंना तूच सांगायचंस. आय ॲम नॉट गेटिंग इन्व्हॉल्व्ह्ड."

आई तेव्हा आमच्याकडेच आलेली होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. वरच्या खोलीत पोलादी कपाट भिंतीला ठोकून घेतलं, तेव्हा आईला म्हणालो, ऑफिसचं सामान ठेवायला आहे. तिनं मान डोलावली.

मग एक दिवस पोलिसांकडून माणूस घर तपासायला आला. इथं बंदूक ठेवायची तर घरच्यांशीही बोलतात. बायको कामावर होती. आईनं पोलीस म्हटल्यावर घाबरायचं सोडून पोहे टाकले, साहेबाला झेपावेत म्हणून मिरची कमी घालून. त्यानं वर जाऊन कपाट हलवून पाहिलं, खाली येऊन पोहे खाल्ले आणि छताकडे बोट दाखवत मला इंग्रजीत म्हणाला, "ते घरात असण्याची तुमच्या आईंना काही काळजी? जरा विचाराल?"

दुभाषी मीच.

"आई, साहेब विचारतायत, इथं तुला काही त्रास नाही ना?"

आई खुर्चीत सावरून बसली. "त्यांना सांग, माझ्या मुलाच्या घरात मला कसलीच भीती नाही. तो माझ्यापासून काही लपवत नाही."

"शी हॅज नो वरीज," मी म्हणालो. पहिल्या वाक्याचा अर्थ तरी तोच होता, अशी मी मनाची समजूत घातली. मला स्वतःची लाज वाटली. साहेबानं आईचे पोह्यांसाठी आभार मानले आणि गेला.

सर्टिफिकेट आलं, रायफलही आली. आई अजून इथंच आहे. पोलिसांची गोष्ट तिनं नागपुरात कुणाला सांगायची शिल्लक ठेवलेली नाही. परवा मावशीला व्हिडिओ कॉलवर सांगत होती, "अगं, इथले पोलीस घरी येऊन विचारतात, मुलगा आईला नीट ठेवतो की नाही. कसा देश आहे बघ!" मावशीचा काही विश्वास बसेना. तेव्हा आईनं फोन माझ्यापुढे धरला.

"सांग रे हिला, साहेबांनी काय विचारलं ते."

मी फोन घेतला आणि मावशीलाही तेच सांगितलं.