आप्पांची कोचगिरी

माझे धाकटे चुलते आप्पा आयुष्यात एकदाच स्वस्थ बसले, ते लग्नाच्या फोटोत. आणि त्यातही त्यांचा पाय हललेला आहे. राहू गावच्या आमच्या कबड्डी मंडळाकडून ते पंधरा-वीस वर्षे खेळले. चढाईला जाण्याआधी मातीला हात लावून तो कपाळाला लावायची सवय अंगात अशी मुरलेली, की दौंडला रेल्वेत कामावर जातानाही फाटकापाशी वाकायचे आणि मगच आत शिरायचे. साहेबाला वाटायचे, काय इमानी माणूस आहे.

गुडघा गेला, खेळ सुटला आणि आप्पांना कोच व्हायचे डोहाळे लागले. मंडळात दोन तट पडले. अध्यक्ष म्हणाले, "चांगला खेळतो त्यो चांगला शिकिवतो, आसं कुठं हाय?" मी सेक्रेटरी, वर पुतण्या, आप्पांसाठी तावातावाने भांडलो. शेवटी ठरले, कवठे येमाईचे सामने जिंकले तर आप्पा कायम, नाहीतर पुण्याहून रीतसर शिकलेला कोच आणायचा.

आप्पांचे शिकवणे म्हणजे स्वतः करून दाखवणे. "आप्पा, पाय कवा टाकायचा?" असे पोरांनी विचारले, की म्हणायचे, "टाकावासा वाटंल तवा." "आन् न्हाई वाटला तर?" यावर, भूक कशी लागते असे कुणी विचारल्यासारखे ते बघत राहायचे. आमचा गडी चढाईला गेला, की तो परत येईपर्यंत आप्पाही खुर्चीत दम धरायचे. गडी फार वेळ आत राहिला, की आम्हाला काळजी आप्पांची.

तरी पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, आणि कवठ्याला आम्ही फायनल गाठली. शेवटची चढाई, एका गुणाने आम्ही पुढे. कवठेकरांचा गडी आमच्या एकाला शिवून कडेकडेने निसटला, तो नेमका आप्पांच्या खुर्चीसमोरून. आप्पांनी रेषेबाहेरून झेप घेतली आणि त्याचा घोटा धरला. पकड इतकी निर्दोष, की कवठेकरांनीही टाळ्या वाजवल्या. पंचांनी मात्र शिवल्याचा गुण त्यांना दिलाच, वर आप्पांच्या पराक्रमाचा दंड म्हणून आणखी एक. बरोबरीत सुटणारा सामना आम्ही हरलो.

येताना जीपमध्ये आप्पाच म्हणाले, "पुण्याचा कोच बोलवा. पोरांना शिकिवणारा पायजे, आठवा गडी न्हाई."

"चुकतं एखाद्या वेळी, आप्पा," मी म्हणालो.

"चुकलं न्हाई रं. मला कुठं शिकवायचं व्हतं? मैदानात ऱ्हायचं व्हतं."

मला फार वाईट वाटले.

पुढच्या वर्षी नव्या कोचने आम्हाला ढाल मिळवून दिली. ती घेऊन आम्ही सगळे आधी आप्पांकडे गेलो. त्यांनी ती मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसली. मग हळूच म्हणाले, "डाव्या कोपऱ्यातला गडी आजून कच्चा हाय. पर त्या कोचला सांगू नगा. त्येचं त्येला कळू द्या."