सारवणावरची रेघ

धाकट्या बहिणीला पाहायला लाखनीकडचे पाहुणे येणार होते, त्या सकाळी अंगण मी सारवले. शेणाचा ओला, गवताळ गंध हातांना बिलगला होता. बोटांची अर्धवर्तुळे एकमेकांत विरून जमीन तळ्यासारखी निवांत दिसत होती. तेवढ्यात कुत्री आली. महामार्गावर ट्रकखाली तिचे मागचे पाय निकामी झाले, तेव्हा बाबांनीच तिला पोत्यात गुंडाळून सायकलवरून घरी आणले होते. पुढच्या दोन पायांवर ती अंग ओढत चाले. मागे सारवणावर रुंद रेघ उमटे.

तिला आणल्यानंतर काही काळाने बाबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. दिवसभर ते ओसरीतल्या बाजेवर असत. तिच्या घासत येण्याचा आवाज झाला की त्यांचा डावा हात खाली उतरे आणि तिचे ऊबदार कान शोधी. व्यायामासाठी आम्ही विनवण्या करून थकलो. तिला कुरवाळायला मात्र ते उजवी बोटेही हलवून पाहत.

मी तिला उचलून मागच्या गुरांच्या कोठ्यात बांधले, आणि रेघ बुजवली.

"काहून बांधली तिले?" बाबांची जीभ अडखळली.

"पाहुणे येऊन राहिले न, बाबा. लोकं का म्हनतील?"

बोलताना मी त्यांच्या वाकड्या उजव्या हातावर दुपट्टा पसरत होते. त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मंग मलेबी बांध कोठ्यात. दोघं बोलत बसू." अर्ध्या ओठांनी ते हसले. मीही हसले, आणि रांगोळीचा डबा उघडला.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी अंगणाची तारीफ केली, मी सुखावले. बाबांचा डावा हात बाजेखाली उघडाच लोंबत होता. बोलणे रंगात आले असताना त्यांनी काठी घेतली आणि ते उठले. पाय ओढत अंगणात उतरले. सावलीतल्या ओलसर सारवणावर, रांगोळीतून, त्यांच्या उजव्या पायाची बारीक रेघ उमटत गेली.

ते गृहस्थ धावले, त्यांना आधार दिला. "कुठं चालले, भाऊ?"

"कुत्री बांधली हाय मांगं. तिले भेटून येतो."

"अन् कोनं बांधली जी?" गृहस्थांनी वळून मला विचारले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. नखांत अजून शेण होते.

"मले मालूम नाही, काकाजी," मी म्हणाले.

बाबा क्षणभर थांबले. मागे न पाहता पुन्हा चालू लागले.