मामांचा सार्वजनिक रक्तदाब

आमच्या हिचे मामा हे इंदिरानगरातले, किंबहुना अख्ख्या नाशकातले, एकमेव गृहस्थ असावेत ज्यांच्या पोटात स्वतःचं काहीच राहत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तर सोसायटीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळेखाली, खडूने लिहिलेलं: १६०/१००. जावयाची हुशारी दाखवायला मी म्हणालो, "मामा, शंभर गडी बाद झाले तरी खेळ चालूच?" "जावईबापू, तो माझा रक्तदाब आहे. सरकारी दवाखान्यात मोजला. यंत्र जनतेचं, मग आकडाही जनतेचा!" तो वाचून दूधवालासुद्धा त्यांना दटावायचा, "आज लोणचं बंद हं, मामा!"

पुढे सोसायटीत सरकारी खर्चाने रक्ताची पाहणी झाली. पोरींनी घरोघर बायकांचं रक्त घेतलं, खाण्यापिण्याचे प्रश्न विचारले आणि गेल्या. निकाल कुणालाच नाही. मामी तेव्हा जिना चढताना मध्येच बसू लागल्या होत्या, पण डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायच्या, "रक्त दिलंय ना? काही असतं तर कळवलं नसतं का त्यांनी?" हे मामांना लागलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. अर्ज करून मामा जेवणाच्या डब्यासकट कचेरीत जाऊन बसू लागले. साहेब म्हणत, "गोपनीय आहे हो." मामा म्हणत, "रक्त तिचं, पैसा जनतेचा, आणि गोपनीय कुणापासून? तिच्यापासूनच?"

अखेर एके दिवशी, मीही सोबत गेलो असताना, साहेबांनी कंटाळून संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "घ्या, बघा. नावं काढून टाकलीत. कुठली ओळ कुणाची, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही." मामांनी चष्मा पुसला. बोट ओळीओळीने खाली नेलं आणि थांबवलं. "वय बासष्ट. चहा दिवसाला नऊ कप. ही आमची सुमन!" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी हसायच्या बेतात होतो, पण मामांचं बोट त्याच ओळीच्या टोकाला जाऊन पोहोचलं होतं. हिमोग्लोबिन, बाराच्या जागी सात.

परतताना मामा स्कूटरवर माझ्यामागे बसले. वाटेत डॉक्टरांच्या दारात मला थांबवून त्यांनी मामींसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. फाटकाशी शेजाऱ्याने विचारलं, "काय मामा, मिळाला का आकडा?" "मिळाला," एवढंच म्हणून त्यांनी खडू उचलला, परत ठेवला, आणि फळ्यावरचा स्वतःचा रक्तदाबही तळहाताने पुसून टाकला.

घरी येऊन नऊ कपांचा किस्सा मी मीठमसाला लावून सांगितला, अगदी फळा पुसण्यापर्यंत. ही हसली नाही. "फळा पुसला मामांनी? मग घाबरलेत ते. उठा, मामीकडे जाऊ. आणि अहो, आज तिथे गडीबिडी बाद करू नका."