पवनीच्या घाटावर कोण पडलं होतं

भंडाऱ्याला मी एका लग्नासाठी गेले होते. लग्न शनिवारी उरकलं आणि परतीची गाडी सोमवारची होती. मधला रविवार मोकळा होता. लग्नघरातल्या एका मुलीनं मोबाईलवर दाखवलं, "मावशी, हे बघा. पवनी दर्शन. थोडं पायी फिरवतात, मग नावेतून. तुम्ही जाऊन या ना, इथे पडून काय करणार?"

तिला माहीत नव्हतं की मी पवनीत राहिलेली आहे. राहिलेली म्हणजे अगदी लहान असताना, जेमतेम दीड-दोन वर्षं. माझे वडील गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि त्यांच्या सारख्या बदल्या होत. माझ्या आठवणींत पवनीचे चार तुकडे उरले होते. मागाचा खटाखट आवाज. एका खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेली मी. कुणीतरी हातात दिलेले रंगीत सुताचे गुंते. आणि नदीवर मावळणारा तांबडा सूर्य. आई-वडील आता नाहीत. माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा नागपूरला असतो, पण आम्ही लहानपणाबद्दल फारसं बोलत नाही.

एकटीनं जाऊन लोकांच्या दारात उभं राहून "आम्ही इथे कुठे राहायचो हो?" असं विचारायची मला लाज वाटली असती. सहलीबरोबर गेलं की कुणाच्याही गल्लीत शिरता येतं, कुणाच्याही घरात डोकावता येतं, आणि का आलात असं कुणी विचारत नाही. म्हणून मी नाव नोंदवलं. कुणाला काही सांगितलं नाही.

आम्ही चौघंच होतो. पुण्याहून आलेलं एक निवृत्त शिक्षक जोडपं, गळ्यात कॅमेरा अडकवलेला भंडाऱ्याचा एक तरुण डॉक्टर, आणि मी. वाट दाखवणारी मुलगी पवनीचीच होती, इतिहासात एम. ए. केलेली, बोलायला तरतरीत. परकोटाच्या दरवाजात उभी राहून तिनं गावाची जुनी हकीगत सांगितली. मग टेकाडावर नेऊन जमिनीखाली जुन्या स्तूपाच्या किती विटा दडल्यात ते सांगितलं. मी ऐकत होते, पण लक्ष सगळं गल्ल्यांकडे होतं. एकही गल्ली ओळखीची वाटेना. मग एकदम सगळ्याच वाटायला लागल्या.

नदी दिसली तेव्हा मी तिला सहज म्हटलं, "इथून सूर्यास्त छान दिसत असेल ना?"

"नाही काकू," ती हसली. "नदी गावाच्या पूर्वेला आहे. इथे सूर्य नदीवर उगवतो. मावळतो तो तिकडे, शेतांमागे."

माझ्याजवळ चार तुकडे होते, त्यातला एक तिथेच गळून पडला. मग तो कुठला सूर्यास्त होता? कुठल्या गावचा? बाकीचे तीन तरी इथलेच आहेत कशावरून?

कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात आलो तेव्हा मागाचा खटाखट ऐकू येतो का, म्हणून मी कान दिला. पण आवाज नव्हताच. मुलगी सांगत होती की आता या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माग राहिलेत. त्यातलाच एक बघायला तिनं आम्हाला एका घरात नेलं. बुटकं दार, निळ्या चुन्याच्या भिंती. आत साठीकडे झुकलेला एक माणूस खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. धोटा इकडून तिकडे पळत होता. दाराशी उजेडात त्याची आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. वाळलेली, पण हात झपाझप चालत होते.

मुलगी आम्हाला ताणा म्हणजे काय ते समजावत होती. तेवढ्यात म्हातारीचा चरखा थांबला. ती माझ्याकडे बघत होती. बघता बघता उठली, जवळ आली आणि माझं मनगट धरलं.

"आली का व बाई तू?"

मला वाटलं, येणाऱ्या सगळ्यांनाच ती असं म्हणत असेल. मी हसले.

"वळखलं नाही मले? गुरायच्या दवाखान्यातल्या बाबूची पोट्टी ना तू?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वाट दाखवणाऱ्या मुलीलाही नाही.

"हो," मी कशीबशी म्हणाले.

"पाह्य! मी म्हणलं ना! कपाळ तुह्या मायचंच आहे." तिनं मुलाला हाक मारली, "अरे, थेच पोरगी व्हय, जे नदीत पडली होती! म्याच काढली होती इले."

पुण्याच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरनं पटकन कॅमेरा उचलला. वाट दाखवणारी मुलगी म्हणाली, "काकू! तुम्ही बोलला नाहीत एका शब्दानं!"

काय बोलणार होते? नदीत पडले होते हे मला त्या क्षणी कळत होतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनीही नाही.

म्हातारी सांगत सुटली. घाटाच्या खालच्या पायरीवर ती धोतरं धुवायला गेली होती. पोर घसरली, पाण्यात गेली, नुसता फ्रॉक वर तरंगताना दिसला. तिनं उडी घेतली, केसांना धरून ओढलं. "तुह्या नाकावरचा तीळ गेला का व?" तिनं मधेच विचारलं.

माझ्या नाकावर तीळ कधीच नव्हता.

"अन् तुह्या मायचा चष्मा? शेवटपर्यंत होता का?"

आईला चष्मा लागला तो मी कॉलेजात असताना. पवनीत असताना नव्हता. वडिलांची नोकरी तर तिनं बरोबर सांगितली होती. पण गुरांच्या दवाखान्यात इतक्या वर्षांत एकच बाबू थोडाच झाला असेल? आमच्या आधी कुणी असेल, नंतर कुणी असेल. त्यांनाही मुली असतील. माझ्या पायाशी मागाचा खड्डा होता. मी त्याच्याकडे बघितलं. काठावर पाय सोडून बसलेली मी इथलीच का, हे त्या खड्ड्याकडे बघून काही कळेना.

म्हातारीनं मनगट सोडलं तेव्हा ते लाल झालं होतं. "नाव फिरून आली का जेवून जाजो," ती म्हणाली.

घाटाकडे जाताना मी मागे राहिले आणि दादाला फोन लावला.

"दादा, मी पवनीत आहे. इथे एक बाई म्हणतात, मी लहानपणी नदीत पडले होते."

तो हसला. "काय बोलून राहिली तू? नदीत मी पडलो होतो!"

"तू?"

"मीच! पाणी नाकात गेलं होतं, अजून आठवते मले. मिश्या असलेल्या एका माणसानं काढलं. बाई-बिई कोणी नव्हती."

"मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"कायले सांगू? आईनं सांगितलं होतं, बाबांसमोर हे काढू नको म्हणून. मग राहूनच गेलं."

"आणि मी कुठे होते?"

"तू तर एवढीशी होती. घरी असशील."

खालून मला हाका यायला लागल्या. सगळे नावेत बसले होते. मी नारिंगी जाकीट चढवलं आणि बसले.

नाव मोटारीची होती. नावाड्यानं ती मधोमध नेली आणि मोटार बंद केली. पाणी ओढून नेईल असं मला वाटलं, पण नाव हललीच नाही. गोसीखुर्दचं धरण खाली आहे, त्याचं पाणी इथपर्यंत तुंबलेलं आहे, मुलगी सांगत होती. त्या पाण्यामुळे कुठली गावं उठली, माणसं कुठे वसवली, हेही सांगत होती. मी वैनगंगा कुठल्या बाजूला वाहते ते शोधत होते. पाण्यावरच्या जलपर्णीचा एक पुंजका बघत राहिले. तो एकदा इकडे सरकला, मग वाऱ्यानं तिकडे. शेवटी मी नावाड्याला विचारलं.

"वाहते ते तिकडे," त्यानं हात केला. "पण आता दिसत नाही बाई. भरली का थांबते."

"आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या? बायका धुणं धुवायच्या त्या?"

"त्या आता पाण्यातच. उन्हाळ्यात एखाद्या वेळी दिसते तं दिसते."

पुण्याच्या बाई माझ्याजवळ सरकल्या. "कसं वाटतंय हो तुम्हाला? कुठे पडला होतात तुम्ही?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आत्ताच भावाला विचारलं. तो म्हणतो, तोच पडला होता."

त्यांचा चेहरा पडला. मी त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं असावं असा. "पण आजींनी तर इतकं स्पष्ट सांगितलं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळून बसल्या. मलाच अपराधी वाटायला लागलं. मी पाण्यात हात घातला. मला पाण्याची भीती कधी वाटली नाही. पंचविशीत मी पोहायला शिकले तेही चार दिवसांत. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला भीती वाटायला हवी ना? आणि दादा? तो तर दर वर्षी समुद्रावर जातो.

नाव काठाला लागली. बाकीचे जेवायला गेले. मी वाट दाखवणाऱ्या मुलीला सांगून एकटीच परत त्या घरी आले.

म्हातारी वाटच बघत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मावशी, माझा भाऊ म्हणतो, मी नाही, तोच पडला होता."

"भाऊ?" तिनं मान हलवली. "नाई व. पोरगीच होती. म्या सोताच्या हातानं फराक पिळला तुहा."

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. पडद्यावर दादाचं टक्कल आणि पांढऱ्या मिश्या आल्या. म्हातारीनं बघितलं आणि मला विचारलं, "हा कोण बुढा?"

"मावशी, मी पडलो होतो ना नदीत," दादा मोठ्यानं म्हणाला. "एका मिशीवाल्या माणसानं काढलं मले!"

म्हातारी थबकली. चरख्यावरचा हात तिनं मांडीवर ठेवला. "मिशीवाला माहा घरवाला होता," ती हळू म्हणाली. "थोही धावला होता माह्यामागून. त्यानं कोणाले काढलं ते मले आठवत नाही. माह्या हातात तं तू होती."

दादाचा चेहरा पडद्याच्या जवळ आला. मग म्हणाला, "म्हणजे दोघंही?"

"तू म्हणालास मी घरी होते," मी म्हणाले.

"मले वाटलं, तू घरी असशील. आठवत नाही ना."

"दोघायले तुमच्या मायनं घाटावर धाडलं होतं," म्हातारी म्हणाली. "मी धुणं धुवून राहिली होती, म्हणून पोरायकडे पाहजो म्हणे. संध्याकाळी तुमची माय आली, माह्या पाया पडली. म्हणे, बाई, पोरायच्या बाबाले सांगू नको, मले घरात घेणार नाही थो. म्या नाही सांगतलं. तेव्हा माणसं बायकायले काय काय करत. तुही माय आता नाही ना? म्हणून सांगतलं."

आई आम्हा दोघांना पुढे कधी नदीकाठी जाऊ देत नव्हती, हे मला आठवलं. मग वाटलं, खरंच आठवलं, की म्हातारीनं सांगितलं म्हणून आता आठवतंय? वडील शांत माणूस होते. घरात न घेण्याइतके ते रागवले असते का? आईला त्यांची इतकी भीती होती, हे मला साठ वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. की तिचे ते शब्द दुसऱ्याच कुणा बाबूच्या बायकोचे होते? तो तीळ आणि चष्मा असलेल्या? मी विचारणार होते, पण म्हातारीनं पुढ्यात ताट ठेवलं. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी.

दादा पुढच्याच महिन्यात पवनीला यायला निघाला. लहानपणाचा विषयही न काढणाऱ्या माणसाचं हे नवलच. मीही गेले. म्हातारीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघितलं. दादा लहान मुलासारखा उभा राहिला.

"असंन बा," ती शेवटी म्हणाली. "मले तं पोरगीच आठवते."

"पण तुमच्या घरवाल्यानं मलेच काढलं," दादा म्हणाला. "त्यांचे हात आठवतात मले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा जाऊन तिला खूप वर्षं झाली होती. "त्याचे हात मोठे होते," ती म्हणाली. ती आपल्या मुलाला म्हणाली, "ऐकलं का? ह्याले आठवतात."

जेवणाआधी दादा घाटावर गेला. मी मागोमाग गेले. तो पाण्यापर्यंत उतरला आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा राहिला. खालच्या दोन पायऱ्या पाण्यातून अंधुक दिसत होत्या, मग नुसतं हिरवं.

"इथेच का?" त्यानं मला विचारलं.

"मला काय माहीत? मला तू विचारतोस?"

"हो ना," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं. "आता विचारायचं तरी कोणाला!"

मग आम्ही वर आलो. म्हातारीनं पाट मांडले होते आणि आम्ही उशिरा आलो म्हणून ती दोघांनाही सारखीच रागावली.