क्वालालंपूरच्या काउंटरवर नवऱ्याचा पुरावा

लग्नाला वर्ष उलटलं तरी आमचा हनिमून राहूनच गेला होता. लग्नानंतरची सगळी सुट्टी कुलदैवत, जोतिबा आणि कराडच्या असंख्य मावश्या यांच्यात संपली. मग ओंकार माझ्यामागून सिडनीला आला, तर वेस्टमीडच्या लॅबमधल्या माझ्या शिफ्ट आणि गोदामातली त्याची नोकरी यांचा मेळच बसेना. शेवटी मार्चमध्ये दोघांना एकदम रजा मिळाली आणि पाठीवर एकेक सॅक टाकून आम्ही घराजवळच्या स्कोफिल्ड्स स्टेशनवर उभे राहिलो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "हमालासारखं ओझं घेऊन कुणी हनिमूनला जातं का गं?" साथीचा आजार तेव्हा बातम्यांत होता, पण जाऊ नका असं कुणीही म्हटलं नव्हतं. माझ्या लॅबनेसुद्धा रजा बिनबोभाट मंजूर केली होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर ज्याने त्याने मला "अशा दिवसांत गेलातच कशाला?" हे ऐकवलं.

क्वालालंपूर विमानतळापासून बरंच लांब आहे. ट्रेनच्या खिडकीतून आधी नुसत्या तेलताडाच्या बागा दिसतात आणि मग एकदम काचेचे मनोरे सुरू होतात. आम्ही ब्रिकफील्ड्समध्ये उतरलो. ही तमिळ लोकांची जुनी वस्ती. दुकानांत मोगऱ्याचे गजरे, पितळेच्या समया, जोडीला चिनी मिठाई आणि मलय टोप्या. हॉस्टेल म्हणजे एक लांबट खोली आणि दुमजली पलंग. वरच्या पलंगावर नवरा, खालच्यावर बायको, असा आमचा मधुचंद्र.

हॉस्टेलच्या खाली सेल्वी अक्कांची खानावळ होती. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईकही आत यावं. सकाळी त्यांच्याकडे रोटी चनाई (आपल्या मलबारी पराठ्याची सख्खी बहीण) आणि तेह तारिक (उंचावरून ओतून फेसाळ केलेला चहा). दुपारी पलीकडच्या गाडीवरचा नासी लमाक (नारळाच्या दुधातला भात, सोबत तिखट चटणी, तळलेले सुके मासे आणि शेंगदाणे). एकदा ओंकारने चहा उंचावरून ओतून दाखवायचा हट्ट धरला आणि सगळा चहा स्वतःच्या बुटात ओतला. अक्का इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

सुरुवातीचे दिवस खरंच सुंदर गेले. दोन गढूळ नद्यांच्या संगमावरची पांढरी-लाल मशीद पाहिली. बाटू केव्ह्ज या गुहेतल्या मंदिराच्या रंगीत पायऱ्या चढताना एका माकडाने माझ्या हातातलं केळं सालीसकट नेलं. रोज दुपारी पाऊस यायचा आणि आम्ही कुठल्या तरी दुकानाच्या पडवीत उभे राहून लग्नाआधी बोलायच्या गोष्टी लग्नानंतर बोलायचो. ओंकारला पोहता येत नाही, हे मला तिथे कळलं.

आणि मग मलेशियाने सगळं बंद करायचं ठरवलं. हॉटेलात बसून खायचं नाही, विनाकारण बाहेर पडायचं नाही. हॉस्टेलवाल्याने कुलूप लावणार असल्याचं सांगितलं. त्याच सुमारास आमच्या लॅबच्या मॅनेजरचा, ग्लेनिसचा, मेसेज आला: "मृणाल, स्वॅब्सचा ढीग लागलाय. लवकर ये, प्लीज." तिकिटं अलीकडची करून घेताना अर्धा दिवस फोन कानाला चिकटला होता. निघताना अक्कांनी भाताचे दोन पुडे हातात कोंबले आणि म्हणाल्या, "आधी खा, ला. मग घाबर." ('ला' हे तिथलं वाक्याचं शेपूट, आपल्या 'गं', 'रे'सारखं.)

विमानतळावर गर्दी मावत नव्हती. रांगेत असतानाच कुणीतरी फोनवर वाचून दाखवलं, ऑस्ट्रेलियाचा नवा नियम आला. आता फक्त नागरिक, पर्मनंट रेसिडेंट आणि त्यांच्या घरचे जवळचे लोक यांनाच आत सोडणार. मी हुश्श केलं. मी पर्मनंट रेसिडेंट, ओंकार माझा नवरा, पार्टनर व्हिसावर आलेला. याहून जवळचं कोण असतं?

काउंटरवरच्या मुलाने माझा पासपोर्ट पाहिला आणि मान डोलावली. ओंकारचा पाहिला आणि सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर स्क्रीन वाचून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जाऊ शकता. सर नाही. यांचा व्हिसा टेम्पररी आहे."

"पार्टनर व्हिसा आधी टेम्पररीच देतात," मी म्हटलं. "आणि तो यांना माझा नवरा म्हणूनच मिळालाय."

"आडनावं वेगळी आहेत."

मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही. त्यावरून कराडमध्ये जेवढी चर्चा झाली, तेवढी पुरे होती. आता एका परक्या देशातला परका माणूस मला तेच विचारत होता. मी फोनवर लग्नाचा व्हिडिओ लावला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. त्याने डोळे बारीक करून विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" मुंडावळ्या आणि पार्लरवालीच्या कृपेने मी मलाही ओळखू येत नव्हते. शेजारच्या काउंटरवरची तमिळ बाई माझ्या गळ्याकडे बघत म्हणाली, "ताली?" तिला मंगळसूत्र हवं होतं. ते स्कोफिल्ड्सच्या कपाटात होतं.

माझं डोकं फिरलं. "यांच्या गळ्यात काय आहे ते बघा ना! पुरावा मीच का घालून फिरायचा?" ती ओशाळली. मग मी ईमेलमधून लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढला. सुपरवायझरने तो नीट वाचला आणि म्हणाला, "ही कॉपी आहे. ऑस्ट्रेलियाकडून लेखी होकार आणा."

ज्या देशाने आमचे फोटो, एकमेकांना पाठवलेले मेसेज, घराचा भाडेकरार, सगळं महिनोन्‌महिने तपासून हे नवराबायकोच आहेत असं ठरवलं होतं, त्यालाच आता पुन्हा विचारायचं! तिथेच उभं राहून मी ईमेल पाठवला. हेल्पलाइनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. काउंटर बंद व्हायची वेळ झाली.

"तू जा," ओंकार म्हणाला.

"वेडा आहेस का? दोघं राहू."

"राहून काय करणार? हॉस्टेल बंद आहे, इंडियाच्या फ्लाइट्स बंद होतायत. लॅबला तुझी गरज आहे. मी अक्कांकडे जातो. होकार आला की नेक्स्ट फ्लाइट पकडतो."

"हिरो बनू नकोस, ओंकार."

"हिरो कसला? मला पण भीती वाटतेय. पण निदान एकजण तरी घरी पोचू दे."

मला त्याचा इतका राग आला की निरोपही धड घेतला नाही. त्या सुपरवायझरवरचा, त्या स्क्रीनवरचा सगळा राग मी समजूतदार माणसावर काढला आणि एकटी आत गेले.

सिडनीच्या अधिकाऱ्याने पासपोर्टकडे ओझरतं पाहिलं. "वेलकम होम." नवरा आहे का, कुठे आहे, याची त्याला काही पडली नव्हती. चौदा दिवस मी स्कोफिल्ड्सच्या घरात बंद होते. शेजारची गुजराती भाभी दारात खिचडी ठेवून खिडकीतून हात हलवायची. त्यानंतर लॅबमध्ये गेले, तर दारावर 'थँक यू, हीरोज' असा रंगीत कागद आणि आत फुकट कॉफी. ग्लेनिस म्हणाली, "यू लेजंड! हाऊ वॉज द हनिमून, मेट?" मी म्हटलं, "हाफ ऑफ इट इज स्टिल गोइंग ऑन." ती हसली, मग माझं तोंड पाहून तिने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. ती कॉफी मी घेतली नाही.

लोक समजावतात, सगळ्या जगाचंच असं झालंय, तुम्ही निदान सुखरूप आहात. मला हे ऐकायचं नाही. साथ कुणाच्या हातात नव्हती, कबूल. पण साथीने माझ्या नवऱ्याला अडवलं नाही. त्याच्या तोंडाकडे न बघता स्क्रीनवरचा एक शब्द बघणाऱ्या माणसाने अडवलं.

माझ्या ईमेलला ऑस्ट्रेलियाचं उत्तर आलं, तोवर क्वालालंपूरहून येणारी विमानं बंद झाली होती. वरातीमागून घोडं. मजकूर दोन ओळींचा होता: जोडीदार या बंदीतून आधीच वगळलेले आहेत, वेगळ्या परवानगीची गरज नाही.

मी ओंकारला फोन केला. तो अक्कांच्या माळ्यावर राहतो, सकाळी त्यांना कांदे चिरून देतो. मी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे मला त्या दिवशी येता आलं असतं?"

"हो."

मग त्याने विचारलं, "माझ्या सीटवर कोण होतं गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "सिडनीपर्यंत रिकामी होती."