कालवण गरम केलं की नेट जायचं

मुरुडला ज्या घरी मी सात वर्षं स्वयंपाक करते, ते घर आगगाडीसारखं लांब आहे. रस्त्याच्या बाजूला ओटा आणि हॉल, मग घराच्या मालकीण काकूंची खोली, मग स्वयंपाकघर, त्यामागे भाड्यानं राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या दोन खोल्या. त्यापुढे नारळी-सुपारीची वाडी सुरू होते आणि वाडीच्या तोंडाशी, पंपाच्या खोलीला टेकून, आमची खोली. आमची म्हणजे माझी आणि माझ्या लेकीची. सगळ्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाडीच्या. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून पाहुणे कौतुक करतात. वायफायचा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या वर होता. त्याची रेंज त्या भिंती ओलांडत कशीबशी स्वयंपाकघरापर्यंत यायची, पुढे नाही.

म्हणून काकूंच्या मुलानं मुंबईहून रेंज वाढवायचं यंत्र आणलं. डास मारायच्या मशीनएवढं पांढरं, दोन कान वर केलेलं. त्याला घरात सगळे बूस्टर म्हणायला लागले. हॉल आणि वाडी यांच्या मधोमध लावायचं असतं असं त्यानं सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या बोर्डात, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या शेजारी, खोचून दिलं. हिरवा दिवा लागला. काकू मला म्हणाल्या, "बघ गो, आता मागच्या पाहुण्यांचीपण कटकट गेली आणि तुझ्या पोरीलापण झाला."

मला तेव्हा खरंच भरून आलं होतं. हे आधीच लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मी कृतघ्न आहे असं वाटेल. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, नवरा गेला तेव्हा लेकरू अकरा वर्षांचं होतं. एका ओळखीच्या बाईनं इथं काम आहे म्हणून सांगितलं आणि मी दोन पिशव्या घेऊन आले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, आणि धडकीच भरली. काकूंनी खोली दिली. मुलीच्या शाळेत पालक म्हणून स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. मला डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस माझ्या हातातलं काम त्यांनी केलं. हे सगळं खरं आहे. त्यामुळेच त्यांच्यापुढे कुठलीही गोष्ट मागायच्या आधी मी ती मनात दहादा घोळवते आणि बहुतेक वेळा मागतच नाही.

मुलगी बारावी झाली आणि तिला घरून करायचं काम मिळालं. एका कंपनीचे गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, कॉम्प्युटरवरून. पंधरा दिवसांची परीक्षा होती. बोलणं चांगलं हवं, आणि कॉल मध्येच तुटता कामा नये. तुटला की तिच्या नावापुढे लाल खूण पडायची. फार लाल खुणा झाल्या की संपलं. पास झाली तर कायमची नोकरी, आणि कॉलेजही बाहेरून करता येणार होतं. तिनं शाळेतल्या बाईंकडून जुना लॅपटॉप मागून आणला, कानावर घालायचं ते यंत्र घेतलं, खोलीच्या दाराला आतून चादर लावली म्हणजे कोंबडे ऐकू जाणार नाहीत. मी बाहेरून ऐकायची. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" इतकं साफ बोलायची की ही माझीच का, असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी सात कॉल तुटले.

ती रडकुंडीला आली. फोनवर वायफायच्या काड्या पुऱ्या दिसत होत्या, बूस्टरचा दिवा हिरवा होता, आणि नेट नव्हतं. दोन मिनिटांनी आपोआप यायचं. परत जायचं. मोबाईलच्या नेटवर काम करावं तर इथं टॉवरची एकच काडी, तीही ओट्यावर उभं राहिलं तर.

मग सुरू झाली दुरुस्ती. बूस्टर काढून परत लावला. हॉलमधला डबा बंद करून दहापर्यंत मोजून चालू केला. बूस्टरच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यात सुई घालून दाबलं की तो सगळं विसरतो आणि नव्यानं शिकवावं लागतं. तेही तिनं केलं. बूस्टरच्या कंपनीच्या नंबरवर फोन केला तर हिंदीतून एक बाई शांतपणे तेच सगळं परत करायला सांगायची. केबलवाले भाऊ आले, हॉलमधल्या डब्याला फोन लावून स्पीड बघितला आणि म्हणाले, "आमच्याकडनं फर्स्टक्लास हाय. तुमचा आतला प्रॉब्लेम." आतला म्हणजे कुठला, ते न सांगता चहा पिऊन गेले.

काकूंचं वेगळंच. त्या मला म्हणाल्या, "तुझी पोर दिवसभर त्याच्यावर बसलेली. पाहुण्यांना नेट पुरणार कसा? रील बघते काय मध्ये मध्ये?"

"न्हाई हो काकू. कामच करती."

"अगो, माझा आपला विचारणा."

चिडून बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून काकू मागे आल्या की मुलगी लॅपटॉपचं तोंड दाराकडे वळवून बसायला लागली, काम दिसावं म्हणून.

सहाव्या दिवशी मी खोली झाडत होते. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेननं वेळा लिहून ठेवल्या होत्या. नेट कधी गेलं त्याच्या. कंपनीला दाखवायला. मी सहज वाचत गेले. एक चाळीस. एक त्रेचाळीस. एक सत्तेचाळीस. मग थेट दोन पस्तीस, दोन अडतीस. आणि माझा हात थांबला.

एक चाळीस म्हणजे दोन नंबरच्या खोलीतले नवरा-बायको. आधी त्याचं ताट, मग तिचं. एक सत्तेचाळीसला त्यानं कालवण परत मागितलं होतं. दोन पस्तीस म्हणजे किल्ला बघून उशिरा आलेले आजी-आजोबा. मला नेटमधलं काही कळत नाही. पण या घरात कोण किती वाजता जेवलं ते मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आमच्याकडे अशी रीत आहे. बारापर्यंत स्वयंपाक आटोपायचा आणि सिलिंडर बंद करायचा. पाहुणे समुद्रावरून, किल्ल्यावरून येतील तसे जेवतात. ज्याचं त्याचं ताट त्या वेळी ओव्हनमध्ये दोन मिनिटं गरम करून द्यायचं. गॅसवर परत उकळलं की कालवणातलं नारळाचं दूध फुटतं, असं काकूंचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. म्हणजे दर ताटाला दोन मिनिटं. आणि ओव्हनला चिकटून बूस्टर.

मी स्वयंपाकघरात गेले. फोनवर कुठलासा व्हिडिओ लावला आणि कपभर पाणी ओव्हनमध्ये ठेवून बटण दाबलं. व्हिडिओ थांबला, गोल गोल फिरायला लागला. ओव्हन थांबला, व्हिडिओ चालू झाला. परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा कप बाहेर काढला तेव्हा पाणी उकळून सांडत होतं आणि माझी बोटं भाजली. बूस्टरचा दिवा सगळा वेळ हिरवा होता.

सहा दिवस ते लेकरू सुईनं भोकं दाबत बसलं होतं, आणि तिचे कॉल मी तोडत होते. वाढून वाढून.

काकूंना सांगायचं म्हणून मी वाक्य तयार केलं. भांडी घासताना तीनदा म्हणून बघितलं. मग गेले ओट्यावर.

"काकू, तो बूस्टर जरा बाहेर पॅसेजमधल्या बोर्डात लावावा का? ओव्हन लावला की नेट जातंय."

काकू शेजारच्या वहिनींबरोबर बसल्या होत्या. त्या हसायलाच लागल्या. "जेवण गरम केला की नेट जातो? ऐकलास काय गो? उद्या म्हणशील मिक्सर लावला की आगरदांड्याची फेरीबोट बंद पडते."

वहिनीही हसल्या. मीही हसले. मला तेच जमतं.

"पॅसेजमधल्या बोर्डावर पाहुण्यांचा फ्रिज हाय," काकू पुढे म्हणाल्या. "त्याच्यात दुसरी वायर घातली की पायात येणार. आणि माझ्या मुलानं बघून लावलाय ना तो? इंजिनियर हाय तो."

"व्हय काकू," म्हणून मी आत आले.

मी आधी करून दाखवते म्हणायला हवं होतं. कप, पाणी, फोन, दोन मिनिटांचं काम. पण इंजिनियर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आठवीचा वर्ग आला.

मग मी माझ्यापुरता उपाय काढला. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करायचं, त्यात कालवणाचं भांडं नुसतं ठेवायचं. दूध फुटत नाही आणि ओव्हनही लागत नाही. चार दिवस असं चालवलं. त्या चार दिवसांत मिळून दोन कॉल तुटले, तेही काकू स्वतः दूध गरम करायला आल्या तेव्हा. मुलगी संध्याकाळी गाणी म्हणायला लागली. तिला मी कारण सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "आई, तू तर केबलवाल्यापेक्षा हुशार निघालीस." हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते वाक्य घेऊन मी दोन दिवस वावरले.

अकराव्या दिवशी काकूंनी सिलिंडर हलवून बघितला. "ह्या वेळी लवकर हलका झाला गो. दुपारचा गॅस कशाला पेटवतेस? ओव्हन काय शोभेला हाय?" मी बघते म्हणाले आणि पाणी कमी घ्यायला लागले.

पंधरावा दिवस शनिवार होता. दुपारी दोन वाजता कंपनीतली मोठी बाई स्वतः मुलीशी बोलणार होती, अर्धा तास. ते झालं की निकाल. दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. मी घरात होते तेवढ्या सगळ्यांना एकच्या आत जेवायला बसवलं, अक्षरशः मागे लागून. "गरम गरम आहे, आताच बसा." पावणेदोनला शेवटचं ताट उचललं. मला वाटलं जमलं.

सव्वादोनला एक नंबरच्या खोलीतले गृहस्थ किनाऱ्यावरून परतले. त्यांची माणसं जेवली होती, तेच राहिले होते. काकू त्यांच्याबरोबर बोलत बोलत स्वयंपाकघरात आल्या, टेबलाशी त्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "गरम वाढ गो ह्यांना."

मी लायटर घेतला.

"आता त्याला कशाला पातेली चढवतेस? भुकेले आलेत ते. ओव्हनला लाव, दोन मिनिटं."

"काकू, आतमधी मुलीचं..."

"काय?"

तो माणूस माझ्याकडे बघत होता. काकू माझ्याकडे बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या, उत्तराची वाट बघत. मला म्हणता आलं असतं. पंधरा मिनिटं थांबा, माझ्या लेकीची नोकरी आहे. एवढंच वाक्य. मी ते तयार करत होते, आणि तोवर माझ्या हातानं ओव्हनचं दार उघडलं, वाटी आत ठेवली आणि बटण दाबलं.

ती दोन मिनिटं मी त्या काचेतून फिरणारी वाटी बघत उभी होते. पहिला घास खाऊन पाहुणा म्हणाला, "कालवण मस्त झालंय." मी "थँक्यू" म्हणाले.

सोमवारी मेसेज आला. तुमची निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मुलीनं वाचून फोन पालथा ठेवला आणि लॅपटॉप पुसायला घेतला, शाळेतल्या बाईंना परत द्यायचा म्हणून. काकूंना कळलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. नारळाच्या वड्या केल्या त्यांनी तिच्यासाठी. "मिळेल गो दुसरी. तरणी पोर हायस," म्हणाल्या. मुलीनं वडी खाल्ली, छान झाल्यात म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोन नंबरच्या खोलीत पुण्याचा एक जण आला. त्याची दुपारी ऑफिसची मीटिंग होती. ती तुटली तसा तो स्वयंपाकघरात आला, ओव्हन बघितला, बूस्टर बघितला, आणि म्हणाला, "काकू, हे दोन शेजारी ठेवतात का कुणी? ओव्हन चालला की वायफाय मरणारच." काकू म्हणाल्या, "अगो बाय, असा हाय होय!" आणि लगेच पॅसेजमधल्या बोर्डात एक्स्टेंशन घातलं. वायर भिंतीच्या कडेनं नेली, वर चटई सरकवली. पायात कुणाच्या येत नाही. मीच खाली बसून ती चिकटपट्टीनं बसवली. काकूंना आठवलं असेल का मी काय म्हणाले होते? त्यांच्या तोंडावरून तरी वाटलं नाही. मी आठवण करून दिली नाही.

तेव्हापासून एकदाही नेट गेलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीला सांगितलं. ती बॅग भरत होती. न्हावा शेव्याकडे एका गोदामाच्या ऑफिसात ट्रकांच्या नोंदी करायचं काम मिळालं होतं, उभ्यानं, बारा तासांचं, राहायला सहा मुलींत एक खोली.

"त्या शनिवारी ओव्हन मीच लावला होता," मी म्हणाले. "माहीत असून."

"मला माहितीये," ती म्हणाली. ओढणीची घडी घालत होती. "मी इकडं हॅलो हॅलो करतीये आणि तिकडून ओव्हनचं टिंग झालं."

"मग बोलली का नाहीस गं मला?"

"काय बोलू? काकू उभ्या असतील, पाहुणे असतील. मला काय कळत नाही का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या जागी मीपण लावलाच असता."

तिनं भांडण केलं असतं, लॅपटॉप आपटला असता, तर मी ऐकून घेतलं असतं. मला वाटत होतं की हे घाबरणं माझ्यापुरतं आहे, मी आठवीतून शाळा सुटलेली म्हणून आहे, आणि ती त्या चादरीआड एवढं साफ बोलते म्हणजे तिच्यात ते उतरलेलं नाही. तिनं ओढणी बॅगेत ठेवली आणि जाताना काकूंच्या पाया पडायला गेली.